अमेरिकेत लॅटिनो आईवडिलांना कामावर भेदभाव सोसावा लागतो, त्याचा हायस्कूलमधल्या मुलांच्या शिक्षणावर खरंच परिणाम होतो का?

होतो. आणि प्रश्नाखाली तुम्ही जे जोडलंय ना, "की त्या घरांमध्ये शिक्षणाला मुळातच किंमत कमी असते?", त्यासाठी मुद्दाम लिहायला बसले, कारण हे वाक्य मी ह्यूस्टनमध्ये आपल्याच लोकांकडून गणपतीत, हळदीकुंकवाला, सगळीकडे ऐकत आलेय. मी इथे पब्लिक हायस्कूलमध्ये गणित शिकवते, वर्गातली बरीच मुलं लॅटिनो, म्हणजे मेक्सिको, होंडुरास, एल साल्वादोरहून आलेल्या घरांतली.

एका मुलाचं सांगते. अल्जेब्रात एकदम तल्लख. वडील खिडक्या-दारं बनवणाऱ्या एका कारखान्यात बरीच वर्षं, नवीन माणूस आला की मशीन तेच शिकवणार, आणि सुपरवायझर मात्र दर वेळी त्यांच्याच हाताखाली शिकलेला कोणीतरी गोरा पोरगा. वर नियम असा की आत स्पॅनिश बोलायचं नाही, जेवणाच्या सुट्टीतसुद्धा नाही. (1964च्या सिव्हिल राइट्स अ‍ॅक्टखाली कामावरच्या भेदभावाच्या तक्रारी घेणारी जी सरकारी संस्था, ईईओसी, आहे, ती असा चोवीस तासांचा सरसकट नियम भेदभावच धरते.) वडिलांनी एकदा विचारलं, माझा नंबर कधी, तर थोड्याच दिवसांत रात्रपाळी. आई संध्याकाळी ऑफिसं साफ करायला जाते, वडील दुपारी झोपलेले, मग धाकट्या बहिणीला शाळेतून आणायचं कोणी? ह्याने. त्याचे शेवटचे तास बुडायला लागले, आणि टेक्सासमध्ये 90 टक्के हजेरी नसेल तर मार्क कितीही चांगले असोत, त्या विषयाचं क्रेडिट अडकतं, म्हणजे तो विषय पूर्ण झाला असं धरत नाहीत, शाळेच्या कमिटीपुढे जावं लागतं.

पण मला हजेरीपेक्षा जास्त लागलं ते वेगळंच. वडिलांनी ईईओसीकडे तक्रार करायचं ठरवलं, त्याला मुदत असते, 180 दिवस, काही ठिकाणी 300, आणि घरात इंग्रजी नीट येणारा हा एकटा. म्हणजे मॅनेजर आपल्या बापाला काय काय बोलला ते सोळा वर्षांच्या पोराने बापाच्या तोंडून ऐकायचं आणि वाक्य न वाक्य इंग्रजीत टाइप करायचं. त्यानंतर त्याने मला विचारलं, मिस, माझे पपा ते मशीन डोळे मिटून चालवतात, तरी त्यांना कोणी वर घेत नाही, मग मी हायस्कूलचा डिप्लोमा घेऊन काय होणार? हा प्रश्न आळशी मुलाचा नाही. घरात रोज जे दिसतं त्यावरून मांडलेला हिशोब आहे तो. त्याचं क्रेडिट आम्ही भांडून मिळवलं, पण कॅल्क्युलसचं नाव त्याने काढून घेतलं ते घेतलंच.

आणि तक्रार करा म्हणणाऱ्यांनी मिसिसिपी राज्यात काय झालं ते बघावं. तिथल्या मॉर्टनमधल्या कोच फूड्सच्या चिकन प्लांटमध्ये लॅटिनो कामगारांचा छळ होतो अशी ईईओसीची केस होती, 2018 मध्ये कंपनीने 37 लाख 50 हजार डॉलर देऊन ती मिटवली. पुढच्याच वर्षी, 7 ऑगस्ट 2019 ला, इमिग्रेशनवाल्यांनी तिथल्या चिकन प्लांट्सवर धाडी घालून सुमारे 680 कामगार उचलले, त्यात हाही प्लांट होता. काही मुलांचा तो शाळेचा पहिला दिवस होता. हे बघितल्यावर कोणते आईवडील तोंड उघडतील?

आमच्या मंडळातले एक काका नेहमी म्हणतात, ते लोक पेरेंट मीटिंगलाही येत नाहीत. काका, मीटिंग संध्याकाळी साडेपाचला असते, तेव्हा ती आई कोणाचं तरी ऑफिस पुसत असते. आपण डिग्री आणि एच-वन-बी व्हिसा घेऊन आलो, साहेबाला एक मेसेज टाकून निघू शकतो, ह्यात आपल्या संस्काराचा काय संबंध? आणि किंमत नसती तर 2000 साली लॅटिनो तरुणांमध्ये शाळा अर्धवट सोडलेले जे जवळपास 28 टक्के होते ते 2016 पर्यंत 9 टक्क्यांच्या आत कसे आले?

हां, सगळ्यांचं असंच होतं असं नाही. काही मुलं उलट ईर्ष्येने पेटून अभ्यास करतात, माझ्याच वर्गात आहेत. आणि गरिबी, इमिग्रेशनच्या कागदपत्रांची भीती, भेदभाव हे सगळं इतकं गुंतलेलं असतं की नेमकं कशाने काय झालं ते वेगळं काढणं अवघड. तुम्ही एमएसडब्ल्यूच्या प्रोजेक्टसाठी विचारताय ना, तर मुलांना "घरी अभ्यासाचं वातावरण आहे का" असलं काही विचारू नका. आईबाबांची पाळी गेल्या वर्षात कितीदा बदलली, धाकट्यांना कोण आणतं, घरातली इंग्रजी पत्रं कोण वाचतं, हे विचारा.