राकसकोपचं पाणी आणि लहान मुलांची एक सकाळ

ताई, तुमचा प्रश्न दोनदा वाचला. मुलगी सहा वर्षांची, मुलगा तीनचा, सोबत गुडघे दुखणाऱ्या सासूबाई. रविवारी बेळगावातून निघून हिडकलचं धरण, पक्ष्यांचं धुपदाळ आणि गोकाकचा धबधबा एका दिवसात होईल का, की जवळचंच एखादं तळ्याकाठचं गाव बरं, असं तुम्ही विचारलंय. गाडीने होईल. पण तीन वर्षांच्या लेकराला घेऊन ते करू नका, असं मी अगदी कळकळीने सांगते.

आम्ही ते केलं होतं. माझा धाकटा तेव्हा साडेतीनचा. हिडकलला पोचेपर्यंत ऊन चढलं होतं. तिथे पाणी समुद्रासारखं पसरलेलं, पण काठाला सावली शोधावी लागते. धुपदाळला तो झोपला होता, त्याला उठवून पक्षी दाखवले. गोकाकला गर्दीत तो इतका रडला की धबधब्याकडे कुणाचं लक्षच गेलं नाही. परतताना गाडीत उलटी. आज त्याला त्या दिवसातलं विचारलं तर फक्त उलटी आठवते. शिवाय गोकाकचा धबधबा बघावा तो पावसाळ्यात, घटप्रभा नदी भरून वाहते तेव्हा. आता थंडीत धार बारीक झालेली असते आणि उघडा कातळ दिसतो.

तुम्ही राकसकोपला जा. गणेशपूर, बेनकनहळ्ळी करत बेळगुंदीच्या बाजूने रस्ता जातो. आरामात गेलात तरी पाऊण तासात पोचता. मार्कंडेय नदीवरचं हे धरण, आणि पाण्याच्या पलीकडच्या अंगाला चंदगड तालुक्यातलं तुडये, म्हणजे महाराष्ट्र. अधूनमधून मोबाइलवर दुसऱ्या राज्यात आल्याचा मेसेज येतो, मुलांना त्याची फार गंमत वाटते. या पट्ट्यात घरोघरी मराठीच बोलतात, त्यामुळे सासूबाईंना कुणाशीही गप्पा मारता येतील. त्यांच्यासाठी ही गोष्ट मोठी आहे, बघाच तुम्ही.

सहा वर्षांच्या मुलीला आदल्या रात्री एवढंच सांगा की आपल्या नळाला जे पाणी येतं ते कुठून येतं ते उद्या बघायचंय. बेळगावला पाणी राकसकोप आणि हिडकल या दोन ठिकाणांहून येतं. राकसकोपचं पाणी हिंडलग्याच्या पंपिंग स्टेशनवरून, लक्ष्मीटेकला शुद्ध होऊन शहरात खेळतं. पावसाळ्यात पेपरात ‘जलाशयाची पातळी २४७५ फुटांवर’ अशी, म्हणजे धरण पूर्ण भरल्याची, बातमी आली की आमच्या घरात वर्षाची चिंता मिटते. माझ्या पुतणीला हे सांगितलं होतं. तिने काठावर उभी राहून विचारलं, ‘मग आपली बादली यातनं भरते?’ हो, यातनंच भरते. त्यानंतर बिस्किटाचा कागद उडाला तर तीच धावत जाऊन आणायची.

म्हणूनच पहिला नियम, पाण्यात उतरायचं नाही. ना मुलांनी, ना आपण. पिण्याचं पाणी आहे हे एक कारण, आणि दुसरं त्याहून मोठं. धरणाच्या पाण्याचा काठ नदीच्या घाटासारखा नसतो. पाणी मागे सरकतं तसा ओला गाळ उघडा पडतो, वरून सुकल्यासारखा दिसतो आणि पाय ठेवला की घोट्यापर्यंत आत जातो. एकदा माझ्या पुतणीची चप्पल अशीच रुतली. ती काढायला ती वाकली आणि दोन्ही हात मनगटापर्यंत गाळात. मी तीन पावलांवर होते. ती तीन पावलं तुडवत जायला मला जेवढा वेळ लागला, तेवढा पुढे कधी लागू दिला नाही. लहान मूल पाण्यात पडलं की ओरडत नाही, हातपायही फारसे मारत नाही, गुपचूप जातं. वीतभर पाणी पुरतं. तेव्हा काठाजवळ असताना एका मोठ्या माणसाने फक्त मुलांकडे बघायचं, हात लांबवला की मूल हाती लागेल इतक्या अंतरावरून. त्याच्या हातात मोबाइल नको, फोटो दुसऱ्याने काढायचे. दर अर्ध्या तासाने पाळी बदला आणि तोंडाने सांगा, ‘आता तू बघ.’ ‘मला वाटलं तुझं लक्ष आहे’ या वाक्यापायी फार वाईट गोष्टी घडलेल्या आहेत.

धरणाची भिंत, दरवाजे, सांडवा या बाजूला जाऊच नका. पाटीवर लिहिलेलं पाळा. राखणदाराने मागे फिरा म्हटलं तर हुज्जत न घालता फिरा, तो आपल्याच पाण्याची राखण करतोय.

मग तिथे करायचं काय? खरं सांगू, फार काही नाही, आणि लहान मुलांना तेच हवं असतं. साडेसातला घरातून निघा. सव्वाआठच्या सुमाराला डिसेंबरातलं धुकं पाण्यावर असतं, हळूहळू वर उचलतं आणि पलीकडचे डोंगर एकेक करून दिसायला लागतात. काठापासून बरंच मागे, एखाद्या झाडाखाली चटई टाका. बगळे, खंड्या, पाणकावळे सहज दिसतात. पाणकावळा बुडी मारून वर आला की पंख पसरून दगडावर वाळत बसतो. तीन वर्षांच्या मुलाला हे दोन हात पसरून करून दाखवता येतं, आणि मग तो दिवसभर तेच करतो. टिटवी ओरडली की थांबून ऐका. म्हशी पाण्यावर आल्या तर अर्धा तास निघून जातो. म्हैस पाणी पिताना आधी नाकाने फुंकर मारते, मग तोंड बुडवते, आणि घोट गळ्यातून खाली उतरताना बाहेरून दिसतो. माझा थोरला तो घोट मोजत बसला होता. दुर्बीण, खेळणी काही नेऊ नका. एक रिकामा डबा न्या, दगड आणि वाळकी पानं गोळा करायला.

दहाच्या आसपास मुलं कंटाळायला लागतील. तेव्हा गावात फेरी मारा. तळ्यापेक्षा गावातच मुलं जास्त रमतात, असं माझं इतक्या वर्षांत मत झालंय. सुगी नुकतीच आटोपलेली असते. अंगणात भात वाळत घातलेलं, पिंजराच्या, म्हणजे पेंढ्याच्या, गंज्या रचलेल्या, कोंबड्या, वासरं. हा भाग रताळ्यांचा. पश्चिमेकडच्या तांबड्या मातीत रताळी चांगली येतात, नवरात्राच्या उपवासांपासून बेळगावचा बाजार त्यांनी भरतो. कुणाच्या शेतात काढणी चाललेली दिसली तर विचारून मुलांना वेलाजवळ बसवा. वेल बाजूला केला, माती उकरली आणि खालून गुलाबी रताळं निघालं की मुलांचे चेहरे बघण्यासारखे होतात. विकत मागा, भाव करू नका. चुलीत निखारे असतील तर एखादी मावशी भाजूनही देते.

कुणाच्या अंगणात पाय ठेवण्याआधी मात्र हाक मारायची. ‘मावशी, जरा सावलीला बसू काय?’ एवढं पुरतं. बहुतेक वेळा उत्तर येतं, ‘बसा की, विचारतायसा काय!’ चहा येतोच. मी पिशवीत कुंद्याचा, म्हणजे बेळगावच्या खव्याच्या मिठाईचा, छोटा डबा आणि डझनभर केळी ठेवते. निघताना त्या घरातल्या मुलांच्या हातात द्यायची, पैसे पुढे करायचे नाहीत, ते लोकांना लागतं. घरातल्या माणसांचे, विशेषतः बायकांचे फोटो विचारल्याशिवाय काढू नका.

शौचालयाची सोय हा सासूबाईंसाठी सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न, आणि तो कुणी मोकळेपणाने विचारत नाही. काठावर सोय मिळेल असं धरून चालू नका. निघताना घरी, आणि मग गावात ओळख झाली की मुलीच्या निमित्ताने त्या घरी विचारायचं. सासूबाई तहान मारून बसतील, पाणीच पिणार नाहीत. तसं होऊ देऊ नका.

जेवण घरचंच न्या. दहीभात हमखास आंबतो अशी तक्रार असते, त्याला उपाय आहे. भात मऊ शिजवून गरम असतानाच भरपूर दूध घालून घोटा, कोमट झाला की एकच चमचा दही कालवा, मीठ अगदी शेवटी, आणि डबा बंद करा. वाटेत तो डब्यातच विरजतो. अकरा-साडेअकराला उघडाल तेव्हा गोडसर, घट्ट असतो, तीन वर्षांचं मूलही मागून खातं. मोठ्यांना भाकरी, शेंगा चटणी, जवारी काकडी. मधल्या वेळेला चिरमुरे. पिण्याचं पाणी घरून, माणशी दीड-दोन लिटर. ओआरएसची दोन पाकिटं, टोप्या, प्रत्येक मुलाचे दोन जोड कपडे आणि बंद बूट, कारण वाळक्या गवतात काटे असतात. ताटं स्टीलची न्या आणि खरकटं घरी परत आणा, तळ्यात काही धुवायचं नाही.

साडेबाराला गाडीत बसा. मुलं म्हणतील अजून थोडं, तरी बसा. एकपर्यंत थांबलं की झोप चढते, चिडचिड सुरू होते आणि शेवटी रडारड. साडेबाराला निघालात तर दोघंही वाटेत झोपतात आणि सव्वाला तुम्ही घरी असता. दुपार मोकळी राहते, सासूबाईंनाही पाय पसरता येतात.

शक्य असेल तर रविवार सोडून शनिवार बघा. रविवारी तिकडे पार्ट्या करणारी टोळकी येतात, फुटलेल्या बाटल्यांच्या काचा गवतात राहतात. चटई टाकण्याआधी जागा नीट बघून घ्या, हे दोन्ही दिवशी. पावसाळ्यात मुलांना घेऊन जाऊ नका. पाणी भरून वाहताना गर्दी फार असते, वाट निसरडी, आणि काठ कुठे संपतो ते गवतात कळत नाही.

गाडी नसेल तर बसही चालेल, पण परतीची वेळ आधी कंडक्टरला विचारून ठेवा. तुमचा आधारचा पत्ता कर्नाटकातला झाला असेल तर तुम्हाला आणि सासूबाईंना कर्नाटकाच्या साध्या बसमध्ये राज्यातल्या राज्यात तिकीट नाही, जून २०२३ पासून तशी योजना आहे. मुलांसकट चढता-उतरताना सासूबाईंचे गुडघे बघता मी मात्र गाडीच सुचवेन.

बाकीची ठिकाणं मुलं मोठी होतील तशी करा. धुपदाळ पुढच्या थंडीत, पण एकटं धुपदाळ. घटप्रभा पक्षी अभयारण्य तिथेच आहे, थंडीत परदेशातून करकोचे येतात, आणि मुलगी सातची झाली की दुर्बीण धरू शकेल. हलशीचं कदंबकालीन भूवराह नरसिंहाचं देऊळ आणि वाटेवरचं नंदगड, जिथे १८३१ साली इंग्रजांशी लढलेल्या संगोळ्ळी रायण्णाला फाशी दिलं, ही दोन्ही ती चौथी-पाचवीत गेल्यावर. तेव्हा ती स्वतः प्रश्न विचारेल.

एक राहिलं. सासूबाईंसाठी घडीची खुर्ची न्याच, उंच बैठकीची. चटईवर बसल्या तर उठताना त्रास होईल आणि त्या संकोचाने बसायचंच टाळतील. खुर्ची पाण्याकडे तोंड करून झाडाखाली ठेवा आणि तीन वर्षांच्या मुलाला सांगा, आजीच्या खुर्चीच्या पुढे आजीला सोडून जायचं नाही. आमच्याकडे ही रेघ प्रत्येक मुलाने पाळली आहे.