डांबरगोळ्या आधी काढ

अगं, बाळाच्या खोलीला नवा रंग द्यायचं म्हणतेस ना? मग निदान महिनाभर आधी दे आणि खिडक्या सताड उघड्या ठेव. मी आठव्या महिन्यात रंग दिला आणि बाळ घरी आलं तरी वास तसाच. शेवटी आम्हीच दुसऱ्या खोलीत झोपलो!

पण त्याहून महत्त्वाचं म्हणजे कपाटातल्या डांबरगोळ्या. जपून ठेवलेली दुपटी, झबली त्यातून काढून थेट बाळाला घालू नकोस. त्यातल्या नॅफ्थलीनमुळे काही बाळांच्या, विशेषतः जी-सिक्स-पीडी या एन्झाइमची कमतरता असलेल्यांच्या, तांबड्या पेशी फुटतात आणि कावीळ बळावते. कमतरता आहे की नाही हे वरून दिसत नाही. म्हणून गोळ्याच फेकून दे. कपडे धू, उन्हात वाळव, वास पूर्ण गेला तरच वापर.

प्लास्टिकच्या बाटलीत दूध गरम करू नकोस, काचेची किंवा स्टीलची घे. युरोपीय संघाने २०११ मध्येच बिस्फेनॉल-ए हे प्लास्टिकमधलं रसायन असलेल्या बाळांच्या दुधाच्या बाटल्यांवर बंदी घातली.

रांगायला लागलं की फरशी ओल्या फडक्याने पूस. कोरड्या झाडूने धूळ नुसती उडते, आणि बाळाची बोटं तर सारखी तोंडात. सुगंधी पावडर? मी तर डबाच आणला नाही.