पोस्टर जुनं की परवा छापलेलं?

प्रश्न: मे महिन्यात दोन दिवस मुंबईला येतोय, मुक्काम भावाकडे. मला जुन्या हिंदी सिनेमांची पोस्टरं आणि रेकॉर्डी बघायच्यात, नववीतल्या पोराला ‘वन पीस’ या जपानी कार्टूनच्या फिगर (छोटे पुतळे) पाहिजेत. चोरबाजारात फसवतात असं जो तो सांगतो. जावं का?
— एक वाचक, सांगली

उत्तर: जा की, बिनधास्त जा, फक्त शुक्रवार टाळा. मटण स्ट्रीटवरची जुन्या वस्तूंची दुकानं त्या दिवशी बंद असतात, पहाटे रस्त्यावर जुम्मा बाजार भरतो खरा पण तो पोराला घेऊन निवांत फिरायचा प्रकार नाही. महालक्ष्मी एक्सप्रेसने आलात तर सीएसएमटीहून स्लो लोकल पकडा, मशीद गेलं की सँडहर्स्ट रोड, तिथून चालत. आणि उजाडल्या उजाडल्या नको, शटर आरामात उघडतात, आधी पोटभर नाश्ता करून घ्या.

आता फसवणुकीचं. माझं स्पष्ट मत, रीप्रिंट (जुन्या पोस्टरची नवी छपाई) घेण्यात काहीच वाईट नाही, नुसतं हॉलमध्ये लावायचं असेल तर रीप्रिंटच घ्या, फ्रेमवाल्याने वाट लावली तरी जीव तुटणार नाही. वाईट काय, तर रीप्रिंट ओरिजिनलच्या भावात घेणं. ओळखायचं कसं? जुनी पोस्टरं थेटरांना घड्या घालून जायची, त्यामुळे बहुतेकांवर घडीच्या रेषा असतात. त्या रेषेवरून बोट फिरवा. खरी घडी बोटाला लागते, तिथला रंग उडालेला असतो, पाठीमागूनही दिसते. रीप्रिंटमध्ये पुष्कळदा जुन्या पोस्टरचा फोटोच छापलेला असतो, म्हणजे घडी दिसते पण बोटाखाली कागद एकदम गुळगुळीत! मग पोस्टर उलटं करा, पुढून पिवळं आणि मागून पांढरंफेक असेल तर नमस्कार करून पुढच्या दुकानात. आणि दुकानदाराला सरळ विचारा ना, ‘ओरिजिनल है या रीप्रिंट?’ बरेच जण खरं सांगतात, घासाघीस मात्र त्यानंतरच.

रेकॉर्ड कव्हरातून बाहेर काढून उजेडात तिरकी धरा. केसासारखे बारीक ओरखडे चालतात, नखाला लागणारा चालत नाही, तिथे सुई अडकणार किंवा उडी मारणार. ७८ आरपीएमच्या (मिनिटाला ७८ फेरे घेणाऱ्या) जुन्या लाखेच्या तबकड्या हौसेने घेऊ नका, त्यांना सुई वेगळी लागते आणि हातातून पडली की संपलं. लावून दाखवा म्हणायला लाजू नका.

पोराच्या फिगरसाठी चोरबाजार नाही हो. क्रॉफर्ड मार्केटच्या आसपास खेळण्यांची रांगच आहे पण कॉपीचा मालही भरपूर, वन पीसच्या खऱ्या बॉक्सवर तोएई ॲनिमेशनचा (ते कार्टून बनवणारी कंपनी) चमकता स्टिकर असतो, तो बघा. (स्टिकरचीही कॉपी निघते, म्हणून चेहऱ्याचं रंगकामही बघा, डोळे तिरळे दिसले की समजायचं.) पोराला ते कॉपीच आवडलं तर कॉपीच्या पैशात घेऊन द्या, उगाच लेक्चर नको.

वेळ उरला तर फोर्टात फ्लोरा फाउंटनला फुटपाथवरची पुस्तकं आहेत, नाहीतर माटुंग्याला किंग्ज सर्कलला. नशीब असेल तर इंद्रजाल कॉमिक्स हाताला लागतील, १९६४ ते १९९० निघायची, आपल्या पिढीचा वेताळ (म्हणजे फँटम) त्यातलाच. आधी पानं मोजा आणि मधली पिन बघा, मधलं पान गायब असलेले अंक खूप फिरतात.

परतीचं राहिलंच. हार्डवेअरच्या दुकानातून चांगला जाड पीव्हीसी पाइप कापून घ्या, पोस्टर सैलसर गुंडाळून त्यात. कागद कडक झाला असेल तर गुंडाळूच नका, तडे जातात, आहे त्या घडीतच दोन पुठ्ठ्यांच्या मध्ये ठेवा. रेकॉर्डी उभ्याच ठेवायच्या, आणि मे महिना आहे, बॅग खिडकीच्या उन्हात ठेवलीत तर सांगली येईपर्यंत वाकड्या होतील.