पहिल्या महायुद्धातल्या फ्रेंच लढाऊ विमानाची तोफ समोरच्या पंख्याच्या पात्यांना कशी लागत नसे?
कारण गोळा पात्यांमधून नव्हे, पंख्याच्या पोकळ आसातून सुटायचा. १९१७ च्या स्पॅड-१२ मध्ये ३७ मिलिमीटरची तोफ हिस्पानो-सुइझा इंजिनाच्या सिलिंडरांच्या दोन ओळींमध्ये बसवली होती. गिअरमुळे पंख्याचा आस क्रँकशाफ्टच्या (इंजिनाच्या मुख्य फिरत्या दांड्याच्या) वर आला आणि नळीला सरळ वाट मिळाली. पण तोफेचं बूड थेट वैमानिकाच्या पायांमध्ये यायचं, म्हणून विमान चालवायची मधली दांडी काढून नियंत्रणं दोन्ही बाजूंना न्यावी लागली. गोळा हाताने भरायचा, बार उडाला की कॉकपिटमध्ये धूर! हे सांभाळून नेम साधणं गिनमेर, फाँक अशा मोजक्याच कसलेल्या वैमानिकांना जमलं. अर्थात त्याआधीच्या तोफवाल्या व्वाझँ विमानांना ही युक्ती लागलीच नाही. त्यांचा पंखा मागे होता, पुढची बाजू मोकळी.