चोथ्यातल्या तंतूंवर काम करायचंय? आधी वाळवणं शीक

प्रश्न : मी अन्नतंत्रज्ञानाच्या पदवीच्या शेवटच्या वर्षाला आहे. फळांचा रस काढल्यावर उरणाऱ्या चोथ्यातून आहारातील तंतू मिळवण्यावर प्रकल्प करायचा आहे. अल्ट्रासाउंड वापरू की मायक्रोवेव्ह? आणि यात नोकरी मिळते का?

उत्तर : विषय चांगला निवडलास, पण उपकरणाची घाई नको. या धंद्याचं गणित पाण्यावर बसतं किंवा फसतं. १०० किलो ओल्या चोथ्यात ७५ टक्के पाणी धर. म्हणजे घन पदार्थ फक्त २५ किलो. ८ टक्के ओलाव्यापर्यंत वाळवलास तर हाती साधारण २७ किलो माल येतो, बाकीचं सुमारे ७३ किलो पाणी उडवायला इंधन लागतं. म्हणून ड्रायरच्या आधी प्रेसमध्ये जेवढं पिळून निघेल तेवढं काढायचं. शिवाय ओला चोथा एका दिवसातही आंबू लागतो. ड्रायर लांब असेल तर प्रकल्प तिथेच संपला.

चोथा धुतला नाही तर उरलेली साखर वाळताना तपकिरी होते, भुकटी चिकटते, गोळे होतात. गरम पाण्याने फार वेळ धुतलास तर साखरेबरोबर पेक्टिनसारखे विद्राव्य तंतूही वाहून जातात. मग वाळवणं. साधारण ६० अंशांवर वेळ लागतो, पण तापमान वाढवून घाई केली की तंतूंमधली छिद्रं मिटतात आणि भुकटी पूर्वीइतकं पाणी धरत नाही. फार बारीक दळल्यानेही बऱ्याचदा हेच होतं. बेकरीवाला किंवा सॉस बनवणारा पैसे मोजतो ते या पाणी धरण्याच्या गुणासाठी. तंतूंची टक्केवारी त्यानंतर.

तुझ्या प्रकल्पासाठी एकच चोथा घे, वाळवण्याची तीन तापमानं ठेव आणि प्रत्येक नमुन्याची पाणी व तेल धरण्याची क्षमता मोज. एकूण तंतू एओएसी ९९१.४३ या प्रमाणित चाचणी-पद्धतीने काढ : स्टार्च आणि प्रथिनं पचवणारी विकरं (अमायलेझ, प्रोटिएझ, अमायलोग्लुकोसिडेझ), मग चार पट इथेनॉलने साका (तळाशी बसणारा घन भाग) बसवणे. नमुना नेहमी जोडीने लावायचा. एका साक्यातून प्रथिनं, दुसऱ्यातून राख मोजून वजा करायची. विद्यार्थी ही वजाबाकी विसरतात आणि तंतू फुगवून दाखवतात. (इन्युलिन हा विद्राव्य तंतू या पद्धतीत बरंचसं निसटतं, तेवढं लक्षात ठेव.) सालींवर कीटकनाशकांचे अंश असतात, त्यांची तपासणी टाळू नकोस.

नोकऱ्या मिळतात, पण ‘तंतू-तज्ज्ञ’ अशा नावाने नाही. रस, पेक्टिन, स्टार्च, डाळ-धान्य प्रक्रिया आणि घटक-पदार्थ बनवणाऱ्या कंपन्यांत प्रक्रिया, गुणवत्ता तपासणी आणि नवीन उत्पादन विभागात जागा असतात. कारखान्यात जायचं तर पदव्युत्तर शिक्षणात प्रक्रिया अभियांत्रिकीकडे वळ. विश्लेषणाची आवड असेल तर अन्नरसायनशास्त्र घे. अल्ट्रासाउंडचा प्रश्न तेव्हा पुन्हा काढ, पण दर किलोमागे किती वीज लागली हा आकडा सोबत हवा. मुलाखतीत बहुधा तोच विचारतील.