अंडी डिसेंबरात, गिऱ्हाईक एप्रिलात

‘पाण्यातलं बिऱ्हाड’ : वाचकांचे प्रश्न, काकूंची उत्तरं

प्रश्न : काकू, मी नंदनवनला राहते, एमएस्सीच्या पहिल्या वर्षाला आहे. गेल्या वर्षी दोन ॲक्सोलॉटल (पाण्यातच राहणारे, चार पायांचे, बेडकांच्या जातकुळीतले प्राणी) आणले. दोघंही पांढरट गुलाबी, काळ्या डोळ्यांचे. एकाच दुकानातून, एकाच दिवशी. परवा, म्हणजे डिसेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात, सकाळी पाहते तर प्लॅस्टिकच्या झाडांवर, फिल्टरच्या नळीवर, काचेवर, जिथे तिथे अंडी! पाचशेच्या वर असतील. दुकानात एक पिल्लू दोन-अडीच हजाराला जातं. निम्मी जगली तरी माझी फी निघेल. दुकानदार म्हणतो, घरची पैदास आहे, कागदपत्रं लागत नाहीत. पिल्लं कशी वाढवू, कधी विकू? आणि आई म्हणते, एकही अंडं टाकायचं नाही, पाप लागतं. – न. क., नंदनवन

उत्तर : पोरी, फीचा हिशेब बाजूला ठेव आणि भिंतीवरचं कालनिर्णय खाली घे. पाणी १८ ते २० अंशांवर असलं तर अंडी दोन-तीन आठवड्यांत फुटतात, म्हणजे तुझी पिल्लं नव्या वर्षाची. विकण्याजोगं पिल्लू कोणतं? दोन-तीन इंचांचं, चारही पाय नीट फुटलेलं, न हलणारं अन्नही तोंडात घेणारं. तिथवर यायला अडीच-तीन महिने लागतात, कधी चार. आता तारखेवर बोट ठेव. मार्च संपत आलेला, नाहीतर एप्रिल. माल तयार होणार नेमका तेव्हा, जेव्हा आपल्या नागपुरात पारा चाळिशीला टेकतो. पुढे मे आहेच, पंचेचाळिशीचा.

या जनावराला पाणी हवं १६ ते १८ अंशांचं. वीसपर्यंत चालतं. २४ च्या वर गेलं की ते खाणं सोडतं, कल्ल्यांवर कापसासारखी बुरशी धरते आणि काही दिवसांत आटोपतं. मूळ गाव मेक्सिको सिटीजवळच्या सोचिमिल्कोचे कालवे, सव्वादोन हजार मीटर उंचीवरचे. तिथे उन्हाळा असा नसतोच. थंडीत पाणी गार झालं, दिवस लहान झाले की त्यांची जोडी जमते, म्हणून तुझ्याकडे डिसेंबरात अंडी आली. ती फुकट आली. इथून पुढचं सगळं विकतचं आहे.

गोकुळपेठेत आमचं मत्स्यालयाचं दुकान होतं तेव्हा थंड पाण्याच्या कुठल्याही जिवाबद्दल विचारलं की गिऱ्हाइकाचं उत्तर ठरलेलं : ‘काकू, आमच्याकडे कूलर आहे न!’ वाळ्याची ताटी लावलेला कूलर माणसाला झोप देतो, पण त्या खोलीतलं पाणी २८-३० अंशांखाली येत नाही. पावसाळ्यात हवा दमट झाली की तेवढंही नाही. एसी २४ वर ठेवलास तर टँकही तिथेच अडतो. पाण्यावर पंखा सोडला तर दोन-तीन अंश उतरतात. बर्फाच्या बाटल्यांनी दुपारी पाणी गार आणि पहाटे पुन्हा कोमट, हा हेलकावा तर त्याहून वाईट. म्हणजे चिलर, पाणी गार ठेवणारं यंत्र, आलाच. तोही बंद खोलीत ठेवला तर टँकमधली उष्णता खोलीतच ओततो. त्याला मोकळी हवा लागते. आणि दुपारी लाइट गेली तर घरचा छोटा इन्व्हर्टर त्याला ओढेल असं धरून चालू नकोस.

तेव्हा ‘किती जगतील’ हे नंतर विचार. आधी हे मोज की तुझ्या ओळखीत, नागपुरात किंवा आसपास, चिलर चालू असलेली घरं किती, आणि स्वतःच्या गार पाण्यात तू दिवाळीपर्यंत किती पिल्लं सांभाळू शकतेस. दोन्हींची बेरीज वीस आली तर वीसच पिल्लं वाढवायची. त्यासाठी चाळीसेक अंडी ठेव, कारण थोडी बुरशीत जातील, थोडी पिल्लं अशक्त निघतील.

उरलेली अंडी डब्यात भरून फ्रीझरमध्ये ठेवायची, आणि हे याच आठवड्यात करायचं. आत्ता आत नुसता काळा ठिपका आहे. आणखी दहा दिवसांनी आत वळवळ दिसायला लागली की तुझाच हात धजणार नाही. आईंना माझा नमस्कार सांग आणि सांग की मादी शेकड्यांनी अंडी घालते ती बहुतेक खाल्ली जाणार म्हणूनच. टँकमध्ये राहू दिली असती तर आईबापांनीच फस्त केली असती. पाचशे पिल्लं जन्माला घालून मे महिन्यात शिजवण्यापेक्षा हे बरं. मी स्वतः शाकाहारी घरातली आहे, तरी मला यात काही वावगं वाटत नाही.

आता ठेवलेल्यांचं. अंडी नखानं हळूच सोडवून, किंवा झाडाच्या फांदीसकट, वेगळ्या उथळ टबात घे. पाणी क्लोरीन काढलेलं. एअर पंपाचे बुडबुडे अगदी मंद. पांढरी पडलेली, धुरकट झालेली अंडी रोज ड्रॉपरनं उचलून टाक, नाहीतर बुरशी शेजारच्यांना धरते. चांगल्या अंड्यातला गोल ठिपका चार-पाच दिवसांत लांबट होताना दिसेल.

फुटल्यावर पिल्लू जेमतेम सेंटीमीटरभर. पहिले दोन-तीन दिवस पोटातल्या बलकावर निघतात, त्या दिवसांत काही घालू नकोस, पाणीच नासेल. त्यानंतर मात्र त्याला फक्त हलणारं अन्न दिसतं. न हललेला कण त्याच्यासाठी अन्नच नाही, मग तू कितीही महागडी पावडर आण. ताजी फुटलेली आर्टेमिया लागते, म्हणजे वाळक्या अंड्यांतून मिठाच्या पाण्यात फोडायचे कोळंबीसारखे इवले जीव, सकाळ-संध्याकाळ. हे काम दिसतं तेवढं सोपं नाही, म्हणून नीट ऐक. दोन बाटल्या ठेव, प्रत्येकीत लिटरमागे २५ ते ३० ग्रॅम मीठ, खालून हवा. आर्टेमिया २६-२८ अंशांना दीड दिवसात फुटते. डिसेंबरच्या थंडीत ती नुसत्या खोलीत रेंगाळते. म्हणजे एकाच घरात पिल्लं गार कोपऱ्यात आणि त्यांचं जेवण बल्बखाली! आज एक बाटली लाव, उद्या दुसरी, म्हणजे खंड पडत नाही. बारीक कापडातून गाळून गोड्या पाण्यानं धुतल्याशिवाय टबात ओतू नकोस, मीठ जातं. डॅफ्निया (पाणपिसू) मिळाला तर उत्तम. दुकानातले ट्युबिफेक्स, ते बारीक लाल किडे, लहान पिल्लांना मी देत नाही. गटाराच्या पाण्यातून येतात.

पिल्लं दोन सेंटीमीटरची झाली की पुढचे पाय फुटतात आणि स्वभावही फुटतो. शेजाऱ्याचं जे हललं त्याला चावा. पाय जातात, कल्ल्यांचे तुरे जातात. मागचे पाय पुरे फुटून पिल्लू जरा मोठं होईपर्यंत हे चालतं. तुटलेला पाय पुन्हा येतो हे खरं, याच गुणासाठी जगभरच्या प्रयोगशाळा त्याला पाळतात, पण अर्धवट पायाचं पिल्लू तू विकायचं नाहीस. पाय पुरा येऊ दे. उपाय एकच, पांगवणं. श्रीखंडाचे, आइस्क्रीमचे रिकामे डबे साठवायला आजच सांग घरी. एका डब्यात एक. रोज प्रत्येक डब्याचं पाणी बदलायचं, खाली पडलेलं अन्न ओढून काढायचं. वीस डबे म्हणजे अर्धा तास, परीक्षेच्या दिवशीही. पाचशे असते तर? तूच हिशेब कर, एमएस्सी आहेस.

इंचभराची झाली की बारीक चिरलेलं गांडूळ, मग माशांच्या तयार खाद्याचे भिजवलेले दाणे. ते तोंडात घेऊ लागली की मगच जाहिरातीचा विचार. तळाला खडे-गोटे घालू नकोस, घास घेताना गिळतात आणि आतडं अडतं. पाण्यात अमोनिया आणि नायट्राइट (घाणीतून तयार होणारी विषं) शून्य, नायट्रेट लिटरमागे २० मिलिग्रॅमच्या आत. टेस्ट किट घे, वासावरून अंदाज बांधू नकोस.

आता पिल्लांच्या आईकडे बघ. मादी अजून दीड वर्षाचीही नसावी. पहिली गोष्ट, नर आजच वेगळ्या टँकमध्ये. तो तिला सोडणार नाही आणि ती महिन्या-दोन महिन्यांत पुन्हा अंडी घालेल, झिजेल. किमान सहा महिने दोघं वेगळी.

आणखी एक गोष्ट मला खटकते. एकाच दुकानातून, एकाच दिवशी, म्हणजे सख्खी भावंडं असण्याची शक्यता मोठी. या प्राण्याचं मूळच अरुंद आहे. १८६४ मध्ये मेक्सिकोहून पॅरिसला ३४ प्राणी नेले, आणि जगभर पाळलेल्यांतले बहुतेक त्यांच्यातल्याच मोजक्यांचे वंशज. त्यात पुन्हा भाऊ-बहीण जोडली तर कमजोर, वाकड्या पाठीची पिल्लं निघण्याचा धोका वाढतो. रंगाचं म्हणशील तर काळ्या डोळ्यांचा पांढरा रंग अप्रभावी जनुकाचा, आईबाप दोघांकडून आला तरच दिसणारा, त्यामुळे तुझी बहुतेक पिल्लं आईबापांसारखीच. ‘दुर्मीळ रंग’ म्हणून भाव वाढवायची सोय नाही. या वेळी झालं ते झालं, पिल्लं विकताना नातं सांगून विक, आणि पुढची जोडी वेगळ्या घरातली कर.

दुकानदाराच्या त्या वाक्याबद्दल. ‘घरची पैदास, कागद लागत नाहीत’ हे साफ चूक. ॲक्सोलॉटल साइट्स (धोक्यातल्या वन्यजीवांच्या व्यापारावरच्या आंतरराष्ट्रीय) कराराच्या परिशिष्ट २ मध्ये आहे. आपल्या १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात २०२२ ची दुरुस्ती झाली, ती १ एप्रिल २०२३ पासून लागू आहे, आणि साइट्सचे प्राणी अनुसूची ४ मध्ये आले. २०२४ च्या नियमांप्रमाणे असा जिवंत प्राणी ज्याच्याकडे आहे त्यानं केंद्राच्या पर्यावरण मंत्रालयाच्या परिवेश पोर्टलवर नोंद करायची; पिल्लं झाली, प्राणी मेला, दुसऱ्याला दिला, तेही कळवायचं. तुझ्या जोडीची नोंद आहे का? पावती आहे का? नसेल तर पिल्लं फुटायच्या आधी जाऊन विचार. तुला मुंबईला जायचं नाही, राज्याचे मुख्य वन्यजीव रक्षक आपल्याच सिव्हिल लाइन्सच्या वनभवनात बसतात. धंदा म्हणून सतत विकायचं मनात असेल तर २०१८ च्या पेट शॉप नियमांची नोंदणीही विचारून घे. हे होईपर्यंत स्टेटसवर फोटो टाकून ‘बुकिंग सुरू’ लिहू नकोस.

विकताना गिऱ्हाइकाला पैशाआधी टँकचा फोटो माग, ज्यात थर्मामीटरचा आकडा दिसतोय, आणि तो दुपारी तीनचा हवा. टँक नवाच भरलाय असं म्हणाला तर महिना-दीड महिना फिल्टर चालवून मग ये म्हण. ट्रॅव्हल्सच्या डिकीतून पार्सल पाठवायचं नाही. प्रत्यक्ष हातात द्यायचं, सकाळी लवकर, आदल्या दिवशी उपाशी ठेवून, एका पिशवीत एक, थर्माकोलच्या डब्यात. मार्च-एप्रिलात असं गिऱ्हाईक भेटलं नाही तर ठेवून घे. ऑक्टोबरनंतर तीच पिल्लं मोठी, धडधाकट असतील आणि भावही बरा येईल.

फी निघेल का? आर्टेमिया, चिलर, विजेचं बिल वजा जाता या वर्षी निघणार नाही. जोडी चांगली जमवलीस तर पुढच्याला थोडी निघेल.

प्रश्न : टँकमधलं पाणी हळूहळू कमी केलं किंवा आयोडीन घातलं तर ॲक्सोलॉटल जमिनीवर चालणारा होतो असं ऐकलं. करून पाहावं का? – र. दे., अमरावती

उत्तर : नको. पाणी कमी केल्यानं तो फक्त कोरडा पडतो. थायरॉइडच्या हार्मोननं किंवा आयोडीननं रूपांतर होतं हे शास्त्राला ठाऊक आहे, पण त्यात पुष्कळ मरतात आणि उरतात त्यांचं आयुष्यही घटतं. पाण्यात नीट ठेवला तर दहा-पंधरा वर्षं जगतो. तमाशा बघायचाच असेल तर पावसाळ्यात बेडकाची पिल्लं बघा.

प्रश्न : मुलगा दहा वर्षांचा आहे. मोबाइलच्या गेममध्ये ॲक्सोलॉटल पाहिला, तेव्हापासून हट्ट धरलाय. मार्चमध्ये वाढदिवस आहे. घरी कूलर आहे, चिलर नाही. घ्यावा का? – स. मा., मनीषनगर

उत्तर : वरची उत्तरं वाचली असतील तर तुम्हाला कळलंच असेल. मार्चमध्ये नाही, आणि चिलरशिवाय कधीच नाही. वाढदिवसाला त्याला दोन फुटी टँक, स्पंज फिल्टर आणि सहा-सात गप्पी द्या. हौदात डासांच्या अळ्या खायला सोडतात तेच ते. आपल्या उन्हाळ्यात तग धरतात. दर आठवड्याला एक चतुर्थांश पाणी त्यालाच बदलू द्या, मे आणि जून दोन्ही महिने. पाणी बदलायची आठवण तुम्हाला करावी लागली नाही, तर दिवाळीनंतर मला पुन्हा लिहा. कोणता चिलर घ्यायचा ते तेव्हा टँकच्या लिटरांवरून सांगते.