आयडी वाढले, ऑर्डरी तेवढ्याच

प्रश्न: पुण्यात तीन वर्षं फूड डिलिव्हरी करतोय. मंदीमुळे नोकरी गेलेली पोरं पण आता ह्यातच आलीत, त्यामुळे आधी दहा तासात जेवढे सुटायचे तेवढ्याला आता तेरा तास लागतात, त्यात पेट्रोल आपलंच. टीम लीडरला विचारलं तर म्हणतो तुम्ही कामगार नाही, पार्टनर आहात. खरंय का? – एक रायडर, हडपसर

उत्तर: भाऊ, पार्टनर म्हणजे तोट्यात अर्धा वाटा तुझा आणि नफ्यात नुसता टी-शर्ट! पगार ऑर्डरवर असला की मंदीचा भार आपोआप रायडरवर येतो, नवीन आयडी, म्हणजे ॲपवर रायडरचं खातं, उघडायला कंपनीला फारसा खर्च नाही ना. पण कायद्यात तू अगदीच बेवारस नाहीस. सामाजिक सुरक्षा संहिता, 2020 मध्ये गिग (कायम नोकरीऐवजी कामागणिक पैसे मिळणारे) आणि प्लॅटफॉर्म (तुझ्यासारखे ॲपवरून काम करणारे) कामगार अशी व्याख्या आहे आणि कंपन्यांनी उलाढालीच्या 1 ते 2 टक्के कल्याण निधीत भरायचे असं त्यात लिहिलंय, संहिता 21 नोव्हेंबर 2025 पासून लागू झालीये. किमान वेतन मात्र त्यातून मिळत नाही, खोटी आशा कशाला लावू.

आधी ई-श्रम या सरकारी कामगार नोंदणी पोर्टलवर प्लॅटफॉर्म वर्कर म्हणून नोंदणी कर, फुकट आहे, आधार लागतं. मग ॲपमधला अपघात विमा नीट वाच, बऱ्याचदा लॉगिन असतानाच तो चालतो. आणि आठवडाभर पेट्रोल, सर्व्हिसिंग वजा करून तासाला किती पडतात ते वहीत मांड, दुपारी ऑर्डरची वाट बघण्यात जाणारे रिकामे तास धरून हां.